उंदराच्या कॉलिक्युलसमधल्या या प्रतिसादाला सेलियन्सी म्हणावं का?

पिक्सेलपंडित (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो.

माझं मूळ काम इमेज प्रोसेसिंगचं. तिथे सेलियन्सी (गर्दीतली एखादी गोष्ट डोळ्यांत भरणं) शिकलो ती अशी: चित्र घ्यायचं, त्यातून रंग, उजेड आणि रेषांचा कल असे वेगवेगळे थर काढायचे, प्रत्येक थरात 'मधलं वजा आजूबाजूचं' करायचं, मग सगळ्यांची बेरीज मारायची. जिथे आकडा सगळ्यात मोठा, तिथे नजर जाणार. इट्टी, कॉख आणि नीबर यांचं १९९८चं मॉडेल. ते इतक्या वेळा कोडलंय की झोपेतून उठवलं तरी लिहून देईन. आता पीएचडीच्या निमित्ताने खऱ्या न्यूरॉनशी गाठ पडली आहे आणि पहिल्याच डेटासेटवर गाडी अडली आहे.

डेटा असा: जागा उंदीर, डोकं पक्कं बसवलेलं, पायाखाली फिरतं चाक, समोर स्क्रीन. सुपीरियर कॉलिक्युलसच्या (मध्यमेंदूतला, डोळ्यांकडून थेट माहिती घेणारा भाग) सगळ्यात वरच्या पट्ट्याचं टू-फोटॉन इमेजिंग (लेझरच्या मायक्रोस्कोपने जिवंत पेशींची चित्रं), जीकॅम्प-सिक्स-एस (पेशी बोलली की चमकणारं प्रथिन). स्क्रीनवर १० अंशांचा एक छोटा गोल, त्यात सरकणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. भोवती मोठं वलय, त्यातही तशाच पट्ट्या. गोलात काही बदलत नाही, बदलतं ते वलय: कधी वलयच नाही, कधी गोलाच्याच दिशेने सरकणारं, कधी काटकोनात, कधी बरोब्बर उलट.

दिसतंय ते असं. बऱ्याच पेशी वलय गोलाच्याच दिशेने सरकायला लागलं की जवळजवळ गप्प होतात. वलय उलटं फिरवलं की त्याच पेशी नुसता गोल असतानापेक्षाही जोरात बोलतात. गोल तोच, पट्ट्या त्याच, वेग तोच. पेशीच्या वाट्याला आलेल्या जागेत एक पिक्सेलही बदललेला नाही, तरी उत्तर बदलतं. हे पहिल्यांदा प्लॉट केलं तेव्हा फाइल्स उलटसुलट झाल्या असतील असं वाटून लेबलं पुन्हा तपासली. बरोबर होती.

दुसरा एक लहान गट आहे. त्याला कुठलंच वलय चालत नाही. कुठल्याही दिशेने फिरवा, प्रतिसाद खालीच.

गाइड म्हणतात, "हीच सेलियन्सी, लिहून टाक." मला इतकं सोपं वाटत नाही. शंका तीन:

याला सेलियन्सी म्हणायला आधार काय? की हा नुसता सराउंड सप्रेशनचा (भोवतीच्या चित्रामुळे पेशी दबण्याचा) चुलतभाऊ आहे?

सेलियन्सीचा नकाशा व्ही-वनमध्ये (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, त्यातला दृष्टीचा पहिला भाग) असतो असं वाचत आलो. मग हे कॉलिक्युलसमध्ये काय करतंय? कॉर्टेक्सकडून खाली येतंय का?

आणि तो 'वलयच नको' गट कोण?

जीवशास्त्र माझं कच्चं आहे, त्यामुळे "हे तर कुठल्याही पुस्तकात आहे" असं असेल तर पुस्तकातलं पान सांगा, राग येणार नाही.

---

वलयांकित

याच वाटेने गेलेली आहे म्हणून लिहिते. उंदराच्या कॉलिक्युलसकडे टू-फोटॉनखाली बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हल्ली मायक्रोस्कोपला हात लावत नाही, दुसऱ्यांचा डेटा तपासते.

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करते कारण ती सगळ्यात सोपी आहे. तुमच्यासारखाच प्रयोग बारचिनी, शी, चेन आणि त्सांग यांनी २०१८ साली ईलाइफमध्ये छापला आहे. त्यांनी उत्तेजक (इतर पेशींना चेतवणाऱ्या) आणि अवरोधक (इतरांना दाबणाऱ्या) पेशी वेगळ्या काढून बघितल्या. सगळ्यात वरच्या पट्ट्यातल्या उत्तेजक पेशी तुमच्या पहिल्या गटासारख्या वागतात: वलय गोलाच्या दिशेने तर प्रतिसाद दबलेला, दोघांच्या दिशेतलं अंतर वाढेल तसा तो चढत जातो आणि पूर्ण उलट दिशेला शिखरावर पोचतो. जसजसं खोल जावं तसतशी ही वाढ ओसरते. अवरोधक पेशींना मात्र कुठलंही वलय दाबतं, कुठल्याही खोलीवर. तुमचा लहान गट बहुधा हाच. उंदीर कुठल्या वंशाचा होता ते डेटा देणाऱ्यांना विचारा. गॅड-टू-क्रे किंवा व्हीगॅट-क्रे (अवरोधक पेशींवर खूण करता येते असे वंश) असेल आणि लाल चमकणारं प्रथिन टीडीटोमॅटो टाकलेलं असेल तर कुठली पेशी अवरोधक हे थेट चित्रातच दिसेल, अंदाज बांधायला नको.

आता जरा थांबा आणि त्याच पेपरमधली दुसरी गोष्ट बघा, कारण तुमच्यासारख्या इमेजवाल्यासाठी तीच खरी गंमत आहे. त्यांनी गोल आणि वलय यांत फक्त दिशेचाच नाही, इतरही फरक करून बघितले: पट्ट्यांचा फेज (पट्टी कुठून सुरू होते) वेगळा, टेम्पोरल फ्रीक्वेन्सी (सेकंदाला किती पट्ट्या सरकतात) वेगळी, पट्ट्या स्थिर ठेवून नुसता कल वेगळा. परिणाम दिशेच्या फरकाला खणखणीत, बाकीच्यांना त्या मानाने फिका. म्हणजे तुमच्या मॉडेलमधली 'सगळे थर काढा आणि बेरीज मारा' ही पायरी इथे नाही. या पेशी हलण्यातला फरक पकडतात. स्थिर चित्रात एक तिरकी रेघ तुमच्या अल्गोरिदमला झळाळून दिसेल, या पेशींना तिचं फारसं अप्रूप नाही. गर्दी एकीकडे चालली आहे आणि एकच जण उलटा येतोय, हे मात्र त्या सोडत नाहीत.

आणि हे उंदराचं खास वैशिष्ट्यही नाही. फ्रॉस्ट आणि नाकायामा यांनी १९८३ साली सायन्समध्ये कबुतराच्या ऑप्टिक टेक्टममधल्या पेशींबद्दल हेच दाखवलं. टेक्टम म्हणजे पक्ष्यांतलं आणि माशांतलं कॉलिक्युलस. त्या पेशींना वस्तू कुठल्या दिशेने चालली आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. पार्श्वभूमी तिच्या उलट चालली आहे का, एवढंच त्या सांगत होत्या. तुमच्या डेटात हा मुद्दा नक्की तपासा. गोल फक्त एकाच दिशेने दाखवला असेल तर 'उलट वलय' आणि 'डावीकडे जाणारं वलय' यांत फरक करता येणार नाही. गोलाच्या सगळ्या दिशांना वाढ टिकते का बघा. टिकली तर पेशी सापेक्ष दिशा वाचते आहे, आणि मग सेलियन्सी या शब्दाला थोडा तरी हक्क मिळतो.

दुसरी शंका. व्ही-वनचं गृहीतक ली झाओपिंग यांचं. २००२ साली त्यांनी ते स्पष्ट मांडलं. ते मुख्यतः माणूस आणि माकड डोळ्यांसमोर ठेवून. त्याच बाईंनी २०१६ साली असा लेख लिहिला की हा नकाशा उत्क्रांतीच्या ओघात टेक्टमकडून व्ही-वनकडे सरकला असावा. म्हणजे गृहीतक मांडणाऱ्या व्यक्तीलाच उत्क्रांतीत खालच्या पायरीवरच्या पृष्ठवंशीय प्राण्यांत तो टेक्टममध्ये असणं मान्य आहे. उंदीर या प्रवासात नेमका कुठे बसतो, हा खरा प्रश्न.

आकडे बघितले की त्याचं उत्तर कुठल्या बाजूला झुकतं ते कळतं. उंदराच्या रेटिनातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गँग्लियन पेशींपैकी ८५ ते ९० टक्के कॉलिक्युलसकडे फांदी पाठवतात. माकडात हा आकडा सुमारे १० टक्के. उंदराला फोव्हिया (रेटिनातला सगळ्यात बारीक दिसणारा ठिपका) नाही आणि त्याची दृष्टी अंशामागे जेमतेम अर्ध्या सायकलपर्यंत (एक सायकल म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्टीची एक जोडी) बारकावे टिपते. माणसाची ३०च्या पुढे जाते. असल्या डोळ्याला पोतातली एक रेघ वेगळी आहे की नाही यापेक्षा काहीतरी वेगळं हलतंय का, हे आधी कळणं जास्त उपयोगाचं. माझं मत म्हणून सांगते: उंदरात कॉलिक्युलस हे कॉर्टेक्सचं शाखा कार्यालय नाही. मुख्य टपाल थेट तिथेच येतं.

कॉर्टेक्सकडून खाली येतंय का, यावर अहमदलू, तफ्रेशिहा आणि हाइमेल यांचं २०१७चं काम आहे, जाग्या उंदरांवर. त्यांचा निष्कर्ष असा की कॉर्टेक्स कॉलिक्युलसमधला पॉप-आउट (वेगळी गोष्ट उठून दिसणं) घडवत नाही, उलट त्याला लगाम घालतो. त्याआधी २०१४ साली झाओ, लिउ आणि त्सांग यांनी चाल करून येणाऱ्या काळ्या तबकडीबद्दल दाखवलं होतं की कॉर्टेक्स प्रतिसादाचा आकार कमीजास्त करतो, पेशीची निवड बदलत नाही. तेव्हा "कॉर्टेक्समध्ये तयार होऊन खाली पाठवलं जातं" हे उंदरापुरतं तरी डोक्यातून काढून टाका.

याचा अर्थ व्ही-वन हातावर हात ठेवून बसलंय असा नाही. तिथेही वलयाचा हिशेब होतो, पण यंत्रणा वेगळी आणि जास्त खोलात समजलेली आहे. २०१२ साली आडेस्निक, स्कान्झियानी वगैरेंनी दाखवलं की मोठ्या चित्राला सोमॅटोस्टॅटिन पेशी (अवरोधक पेशींची एक जात) पेटतात आणि त्या शेजारच्या उत्तेजक, पिरॅमिडल पेशींना दाबतात. २०२०मध्ये केलर आणि स्कान्झियानी यांच्या गटाने पुढची कडी जोडली: वलय गोलापेक्षा वेगळ्या कलाचं असेल तर व्हीआयपी पेशी (अवरोधक पेशींची दुसरी जात) सोमॅटोस्टॅटिन पेशींना गप्प करतात, आणि पिरॅमिडल पेशीवरचा दाब उठतो. दाबणाऱ्याला दाबायचं, असा डाव.

हाच डाव कॉलिक्युलसला जसाच्या तसा चिकटवू नका, हे मुद्दाम सांगते. मोह होतो. अवरोधक पेशी वलयाने दबतात, म्हणून उत्तेजक पेशी मोकळ्या होतात, झालं काम, असं वाटतं. पण अवरोधक पेशी तर कुठल्याही दिशेच्या वलयाने दबतात! नुसतं तेवढंच असतं तर उत्तेजक पेशी त्याच दिशेच्या वलयालाही मोकळ्या व्हायला हव्या होत्या. त्या तर तेव्हा दबतात. म्हणजे दिशेची खबर आणखी कुठून तरी यायला हवी. रेटिनातल्या दिशा ओळखणाऱ्या पेशी याच वरच्या पट्ट्यात येऊन टेकतात, हे ध्यानात ठेवा.

डेटा तपासण्याबद्दल वेगळा प्रतिसाद लिहिते, हा फार लांबला.

---

जुना_माकडवाला

वलयांकित यांचं बहुतेक पटलं, पण एका ठिकाणी ब्रेक लावतो.

सेलियन्सी हा वागण्यातून आलेला शब्द आहे. ट्रीझमन आणि जेलेड यांनी १९८० साली माणसांना गर्दीतून वेगळी वस्तू शोधायला लावली. वस्तू एकाच बाबतीत वेगळी असेल तर भोवती कितीही पसारा असला तरी वेळ जवळपास तेवढाच लागतो. डोळ्यांत भरणं म्हणजे हे. कोणीतरी पटकन वळलं पाहिजे, बघितलं पाहिजे, पळालं पाहिजे. पेशीचा प्रतिसाद वाढला म्हणजे वस्तू डोळ्यांत भरली, ही उडी आहे. माकडात नीरिम आणि व्हॅन एसेन यांनी १९९२ साली व्ही-वनमध्ये वेगळ्या कलाच्या रेघेला जास्त प्रतिसाद मिळतो हे दाखवलं, तेव्हाही हीच टीका झाली होती आणि ती रास्त होती.

माकडाकडे एक सोय आहे. ते डोळा फिरवून सांगतं, "मला हे वेगळं दिसलं." व्हाइट, इट्टी, म्युनोझ मंडळींनी २०१७ साली याच सोयीवर काम केलं आणि सेलियन्सीचा संकेत माकडातही कॉलिक्युलसच्या वरच्या थरात व्ही-वनच्या आधी उमटतो असं दाखवलं. (हो, तेच इट्टी. पिक्सेलपंडितांना बरं वाटेल.)

उंदराचं काय? त्याचे डोळे बहुतांशी डोकं हललं की ते हलणं भरून काढायला फिरतात. डोकं खिळवून ठेवलेला उंदीर वलय उलटं फिरल्यावर काय करणार? चाकावर उभा राहणार. तेव्हा 'मोशन कॉन्ट्रास्टला (हालचालीतल्या फरकाला) संवेदनशील प्रतिसाद' असं लिहा आणि सेलियन्सी हा शब्द चर्चेच्या भागासाठी राखून ठेवा. परीक्षक तिथेच पकडतात.

---

वलयांकित

@जुना_माकडवाला, शब्द जपून वापरावा हे मान्य. पण उंदीर काही सांगतच नाही, हे मान्य नाही. त्याच्याकडे विचारायची पद्धत वेगळी लागते. येल्माझ आणि माइस्टर, २०१३: डोक्यावर वाढत जाणारी काळी तबकडी दाखवा, उंदीर बिळात तरी धावतो किंवा जागच्या जागी थिजतो. डे फ्रान्चेस्की आणि इतर, २०१६: तबकडी मोठी न होता नुसती वरून सरकत गेली तर बहुतेक थिजतो, अंगावर आली तर पळतो. होय आणि नील यांच्या गटाने उंदरांना रातकिडे पकडताना टिपलं आणि २०१९ साली दाखवलं की कॉलिक्युलसमधल्या नॅरो-फील्ड (दृश्याचा लहान तुकडा बघणाऱ्या) आणि वाइड-फील्ड (मोठा तुकडा बघणाऱ्या) पेशींचा या शिकारीत वेगवेगळा वाटा आहे. हे सगळं वागणंच आहे, आणि सगळं याच भागातून जातं.

मात्र एक गोष्ट तुमच्या बाजूची. वरचा थर ते पळणं यांत बऱ्याच पायऱ्या आहेत. इव्हान्स, ब्रँको आणि इतरांनी २०१८ साली दाखवलं की खोल थरातून पेरिअॅक्विडक्टल ग्रेकडे (पळण्याचा हुकूम देणारा मेंदूचा भाग) जाणारे सिनॅप्स, म्हणजे पेशींमधले जोड, मुद्दाम कमजोर आहेत. खालच्या पेशी उंबरठा ओलांडल्याशिवाय पळण्याचा हुकूम निघत नाही. म्हणजे वरचा थर म्हणतो "इथे काहीतरी वेगळं आहे", आणि त्यावर काही करायचं की नाही हे खाली ठरतं. तुम्ही वागणं म्हणता ते त्या खालच्या टोकाचं. पिक्सेलपंडितांकडे वरचं टोक आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला की वाद होणारच.

आता डेटा तपासण्याबद्दल. पिक्सेलपंडित, हे नीट वाचा, पेपर इथेच पडतात.

सगळ्यात आधी न्यूरोपिल. टू-फोटॉनमध्ये पेशीच्या गोळ्याभोवती जी धूसर चमक असते ती पेशीची नसते, आसपासच्या तंतूंची असते. कॉलिक्युलसचा वरचा थर या बाबतीत कॉर्टेक्सपेक्षा त्रासदायक: पेशी लहान आणि एकमेकींना खेटून, मध्ये तंतूंचं जंगल. तुमचं वलय मोठं आहे. ते लागलं की मोठ्या भागातले तंतू एकदम पेटतात आणि न्यूरोपिल उजळतं. टू-फोटॉन डेटाचं सॉफ्टवेअर सूट-टू-पी त्यातला ०.७ पट भाग पेशीच्या संकेतातून वजा करतं, ठरलेली सवय म्हणून. एखाद्या पेशीसाठी तो गुणक जास्त पडला तर वलय असताना संकेत खोटाच खाली जाईल आणि तुम्हाला झकास सराउंड सप्रेशन मिळेल. कमी पडला तर उलट, खोटी वाढ. तुमचा 'कुठलंच वलय नको' गट बघून माझ्या मनात पहिली शंका हीच आली. गुणक ०.५, ०.७, ०.९ असा बदलून तीच आकृती पुन्हा काढा. पेशी गट बदलत असतील तर तो गट पेशींचा नाही, वजाबाकीचा आहे. एक दिलासा मात्र आहे: त्याच दिशेचं वलय आणि उलट दिशेचं वलय दोन्ही सारखीच मोठी, दोन्हींत न्यूरोपिल उजळणार. म्हणून या दोघांमधला फरक हा नुसत्या गोलाशी केलेल्या तुलनेपेक्षा जास्त भरवशाचा.

दुसरं, नुसतं वलय. मधला गोल रिकामा ठेवून, राखाडी, फक्त वलय दाखवलेले ट्रायल्स आहेत का? पेशी त्यालाच उत्तर देत असेल तर तिचं रिसेप्टिव्ह फील्ड (दृश्यातली तिच्या वाट्याची जागा) तुमच्या गोलाच्या मध्यावर नाही, काठावर आहे. मग 'पेशीच्या जागेत एक पिक्सेलही बदललेला नाही' हे वाक्यच टिकत नाही. रिसेप्टिव्ह फील्डचा नकाशा काढून ज्यांचं केंद्र गोलाच्या मध्याजवळ आहे तेवढ्याच पेशी ठेवा. डोकं पक्कं असलं तरी डोळा मधूनच काही अंश सरकतो, तेव्हा कॅमेऱ्यातली बाहुलीही बघा.

तिसरं, चाक. नील आणि स्ट्रायकर यांनी २०१० साली दाखवलं की उंदीर धावायला लागला की व्ही-वनचे प्रतिसाद फुगतात. वलय उलटं फिरल्यावर उंदीर दचकून धावत असेल तर तुम्ही दृष्टी मोजत नाही आहात, पाय मोजत आहात. उभे आणि धावते ट्रायल्स वेगळे करा.

आणि एक गोष्ट जी कोणी मेथड्समध्ये (पेपरमधल्या पद्धतींच्या भागात) ठळकपणे लिहीत नाही. उंदराचं कॉलिक्युलस बऱ्याच अंशी कॉर्टेक्सखाली दडलेलं असतं. कॉर्टेक्स न काढता खिडकी बसवली तर सहसा मागचा आणि मधल्या रेषेजवळचा तुकडाच दिसतो. त्या तुकड्यात दृश्याचा वरचा, कडेचा भाग येतो, म्हणजे ससाणा जिथून येईल तो. रातकिडा जिथे असेल तो समोरचा-खालचा भाग चित्रात येतच नाही. मला कायम वाटत आलंय की उंदराच्या सेलियन्सीबद्दल आपण जे बोलतो त्यातलं बरंचसं आभाळाच्या सेलियन्सीबद्दल आहे.

---

शून्य_सरासरी

जीवशास्त्रात मला गती नाही, आकड्यांपुरतं बोलतो.

पिक्सेलपंडित, पेशी निवडल्या कशा? 'नुसत्या गोलाला चांगला प्रतिसाद देणाऱ्या' असं असेल, आणि नंतर त्याच ट्रायल्सच्या सरासरीशी वलयाच्या ट्रायल्सची तुलना केली असेल, तर सप्रेशन फुकटात मिळतं. गोंगाटामुळे ज्या पेशी योगायोगाने गोलाला जास्त चमकल्या त्याच तुम्ही उचलल्या, पुढच्या मोजणीत त्या खाली येणारच. सम क्रमांकाच्या ट्रायल्सवर निवडा, विषम क्रमांकाच्या ट्रायल्सवर मोजा.

'उलट वजा सरळ, भागिले बेरीज' हा निर्देशांक सगळे वापरतात. डेल्टा-एफ-बाय-एफ (मूळ चमकेच्या तुलनेत झालेला बदल) उणे गेलं की भाजक शून्याजवळ येतो आणि निर्देशांक वेडावाकडा होतो. न्यूरोपिल वजा केल्यावर उणे आकडे हमखास येतात. साधा फरक घ्या, ट्रायल्समधल्या विचलनाने भागा.

आणि शेकडो पेशी म्हणजे शेकडो नमुने नव्हेत. उंदीर किती, ते सांगा. एका उंदराच्या पेशी एकच चाक, एकच डोळा, एकच मूड वाटून घेतात.

---

पिक्सेलपंडित

धन्यवाद, तिघांनाही. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

लगेच करता आलं तेवढं केलं. न्यूरोपिलचा गुणक बदलून बघितला. पहिल्या गटाचा उलट-सरळ फरक तिन्ही गुणकांना जवळजवळ तसाच राहतो. 'वलय नको' गटातल्या काही पेशी ०.५ला गळून पडतात, पण गाभा शिल्लक आहे. आणि उंदीर गॅड-टू-क्रे आहेत! लाल चॅनल वेगळ्या फोल्डरमध्ये होता, कोणी सांगितलंच नव्हतं. शिल्लक गाभ्यातल्या बहुतेक पेशी लाल आहेत.

सम-विषम केल्यावर सप्रेशन थोडं उतरलं, नाहीसं झालं नाही. आता सगळे आकडे प्रत्येक उंदरामागे वेगळे मांडतोय.

गोलाच्या दिशा चार होत्या. चारही दिशांना उलट वलय वरचढ, पण सारखं नाही; खालून वर जाणाऱ्या गोलाला सगळ्यात जास्त. हे काय असावं?

आणि दुसरं, गाइड म्हणतात त्यांच्याकडे व्ही-वनचाही डेटा आहे, त्याच स्टिम्युलसचा, वेगळ्या उंदरांतला. दोन्ही शेजारी ठेवून "कॉलिक्युलस आधी, कॉर्टेक्स नंतर" असं दाखवता येईल का?

---

जुना_माकडवाला

शेवटच्या प्रश्नाला सरळ नाही म्हणा. जीकॅम्प-सिक्स-एसचा संकेत चढायलाच शंभरेक मिलिसेकंद किंवा जास्त घेतो, उतरायला त्याहून कितीतरी जास्त, आणि तुम्ही सेकंदाला फार तर ३० चित्रं काढत असाल. दोन भागांमधलं अंतर काही दहा मिलिसेकंदांचं. ते या मोजपट्टीवर दिसत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोड हवेत, शक्यतो एकाच प्राण्यात दोन्हीकडे. न्यूरोपिक्सेल्स प्रोबवर (सुईसारख्या बारीक, अनेक इलेक्ट्रोडच्या पट्टीवर) ३८४ चॅनल एका वेळी मिळतात आणि कॉर्टेक्समधून सरळ खाली कॉलिक्युलसपर्यंत पोचता येतं. गाइडांना कोणीतरी तसा प्रोब लावणारा शोधायला सांगा.

व्ही-वनचा डेटा मात्र फेकू नका. वेळेसाठी नाही, फीचरसाठी (कुठला फरक पकडला जातो ते बघायला) वापरा. त्यात स्थिर पट्ट्यांचा कल वेगळा असलेले ट्रायल्स असतील तर कॉलिक्युलसमधल्या फरकाशी तुलना करा.

---

वलयांकित

लाल चॅनल सापडला हे झकास. गाइडांना विचारा, आणखी कुठले फोल्डर आहेत.

खालून वर जाणाऱ्या गोलाबद्दल: सगळ्यात आधी पेशींची स्वतःची दिशेची आवड बघा. कॉलिक्युलसच्या वरच्या पट्ट्यात दिशा ओळखणाऱ्या पेशी भरपूर, आणि तुमच्या चौकटीतल्या बऱ्याच पेशींना नेमकी तीच दिशा आवडत असेल तर नुसत्या गोलाचाच प्रतिसाद तिथे मोठा असणार. मोठ्या प्रतिसादात फरकही मोठा दिसतो. प्रत्येक पेशीसाठी त्या-त्या दिशेच्या नुसत्या गोलाने भागून बघा. ज्या दिशेला नुसत्या गोलाचा प्रतिसाद गोंगाटातच बुडालेला असेल ती त्या पेशीपुरती सोडून द्या, नाहीतर शून्य_सरासरी पुन्हा काठी घेऊन येतील. असमानता तेवढ्याने गेली तर ती आवडीची होती, वलयाची नव्हे. उरली तर स्क्रीनची जागा तपासा. स्क्रीन डोळ्यासमोर सपाट ठेवलेली असते, कडेला अंतर वाढतं, आणि सपाट पडद्यावरच्या पट्ट्या गोलाकार दृश्यक्षेत्रासाठी वाकवून दुरुस्त केल्या नसतील तर वरच्या कडेला वेग आणि पट्ट्यांची जाडी दोन्ही बदलतात. ज्याने स्टिम्युलसचा कोड लिहिला त्यालाच विचारा, मेथड्सवर विसंबू नका.

हे दोन्ही निस्तरल्यावरही असमानता राहिली तर मला व्यक्तिगत निरोपात आकृती पाठवा. धावत्या आणि उभ्या ट्रायल्सची वेगवेगळी. चाकाबद्दल तुम्ही अजून अवाक्षर काढलेलं नाही.